पान उलटू का?

आमच्या माडीवर राहणारी प्रियदर्शनी पोरांना शाळेत घालत नाही, हे ती राहायला आल्यावर आठ दिवसांनी मला कळलं. आधी कळलं असतं तर खोल्या दिल्याच नसत्या. सोलापुरात सात रस्त्याच्या मागं, रेल्वे लाईनकडं जाणाऱ्या बोळात आमचं घर. माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं देताना मी एकच बघते, दिवसा वर आवाज नको. नवरा कामावर, पोरं शाळेत, बाई घरी असलीच तर दुपारी झोपणारी. इथं सगळं उलटं निघालं. नवरा बिरुदेव सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला जायचा, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. राहिलेली तिघं, म्हणजे प्रियदर्शनी, दहा वर्षांची आरोही आणि सात वर्षांचा अमृत, दिवसभर माझ्या डोक्यावर.

वरचं बोलणं खाली माझ्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येतं. मी मुद्दाम ऐकत नाही, पण कान काय झाकून ठेवायचे?

पहिलं भांडण जिन्यावरून झालं. एका सकाळी बघते तर प्रत्येक पायरीवर खडूनं आकडे, आणि अमृत उड्या मारत खाली येतोय, "तीन, सहा, नऊ!" मी म्हटलं, "अगं बाई, हा जिना आहे का फळा?" ती म्हणाली, "पुसते मावशी, तिनाचा पाढा झाला की." तिनाचा झाला तर चाराचा आला, चाराचा पुसला तर जिन्यावर नद्या आल्या. पाण्याच्या दिवशी सगळं सोलापूर बादल्या घेऊन धावतं, आणि ही माझ्या पिंपाशी पोरांना घेऊन उभी, एका कळशीत किती तांबे आणि पिंपात किती कळश्या. मी शेंगा कुटायला बसले की अमृत उखळापाशी येऊन विचारणार, "आज्जी, दाण्यात तेल कुठं असतं? दिसत तर नाही." मी काय सांगणार, कपाळ! मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. तर आई वरून म्हणते, "नाही, आज्जींनाच विचार, त्या रोज कुटतात."

सारखं राग राग करून माझाच घसा दुखायला लागला, तेव्हा एकदा मी तिला चहाला बोलावून सरळ विचारलं. तू शिकलेली आहेस, बीएस्सी आहेस, मग पोरांना असं घरात का डांबून ठेवलंस? ती मोहोळची. लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं एका खासगी शाळेत गणित शिकवायची. म्हणाली, "मावशी, वर्गात साठ पोरं. वीसेक जणांना कळलं की मी पान उलटायची. पोर्शन संपवायचा असायचा. राहिलेल्यांची तोंडं मला दिसायची. रोज दिसायची. मग आरोही शाळेत जायच्या वयाची झाली आणि माझा हातच फॉर्मवर चालेना. माझ्या पोरीच्या तोंडावर कुणीतरी असंच पान उलटणार, हे मला माहीत होतं. मीच ते करत होते ना."

त्यामुळं त्या घरात एक नियम होता. एका पुस्तकावर दोघं बसायची, आणि दोघांना कळल्याशिवाय पान उलटायचं नाही. ज्याला आधी कळलं त्यानं दुसऱ्याला समजावून सांगायचं. गोष्टींचं पुस्तक असो, भूगोल असो, नियम तोच. दिवसभर छतातून आरोहीचा आवाज यायचा, "अमृत, कळलं का? पान उलटू का?" आणि त्याचं उत्तर, "थांब ना!" एकेका पानावर कधी दुपार व्हायची. खाली भाकरी थापता थापता माझाच जीव गुदमरायचा. उलट की बाई एकदाचं, असं तोंडापर्यंत यायचं. पण ती पोरगी चिडायची नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगायची, कधी चिंचोके मांडून, कधी भाकरीचे तुकडे करून. आणि कळलं की अमृत असा ओरडायचा की आमचे हे खुर्चीत दचकायचे.

दिवस असे बरे चालले होते. मग गावाकडं बिरोबाची जत्रा आली.

बिरुदेवचं गाव सांगोल्याकडचं. घर धनगरांचं, कर्ता थोरला भाऊ धनाजी. वडील लवकर गेल्यावर या धनाजीनं मेंढरामागं रानोमाळ फिरून धाकट्याला आयटीआय शिकवलं. आता त्याची डाळिंबाची बाग आहे, जीप आहे, गावात चार माणसं त्याच्या शब्दाला थांबतात. बिरुदेव त्याच्यासमोर मान वर करून बोलत नाही. माणूस म्हणून धनाजी वाईट नाही, हे मी आधीच सांगते, कारण पुढं मला त्याचा फार राग आला होता.

तर जत्रेत जेवणाच्या पंगतीत कुणीतरी अमृतला विचारलं, "काय रं, कितवीला हायस?" अमृतनं विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "गणितात तिसरीला, वाचायला चौथीला, आणि सायकलीत अजून पहिलीलाच." पंगत हसली. हसली तर हसली, पण एक जण म्हणाला, "धनाजीराव, भावाच्या पोरास्नी मेंढरामागं लावायचा इचार हाय जनू!" ते धनाजीच्या काळजात गेलं. ज्या गोष्टीतून भावाला बाहेर काढायला याचं अर्धं आयुष्य गेलं, तीच गोष्ट भरल्या पंगतीत कुणी तोंडावर फेकली.

त्या संध्याकाळी तो बिरुदेवला देवळात घेऊन गेला आणि देवापुढचा भंडारा हातात घेऊन म्हणाला, "सोलापुरात तुज्या घराजवळ ती मोटी शाळा हाय, तिची पाचवीची परीक्षा घेत्यात. आरोहीला बसिव. पास झाली तर शाळंचं नाव मी जन्मात काडनार न्हाय. न्हाय झाली, तर जूनला प्रियदर्शनी पोरं घिऊन गावाकडं येईल, पोरं गावच्या शाळंत जातील, आन तू कुर्डुवाडीत खोली करून ऱ्हा. उचल भंडारा." बिरुदेवनं उचलला. आमच्यात विभूतीवर हात ठेवून बोललेलं कुणी मोडत नाही, तसंच त्यांच्यात भंडाऱ्याचं.

प्रियदर्शनीनं हे मला जिन्यात बसून सांगितलं. मी म्हटलं, "आणि तू? तू काय म्हणालीस?"

"मी देवळाबाहेर चपला राखत होते मावशी."

मला असा संताप आला! भंडारा दोन भावांनी उचलला आणि पणाला लागलं ते हिचं घर. सोलापूरची ही दोन खोल्यांची जागा, ही पोरं, हा दिवसभराचा गोंधळ, हेच तर तिचं सगळं होतं. गावात गेली की ती थोरल्या जावेच्या हाताखाली चुलीपुढं बसणार, आणि पोरांच्या पुस्तकाला तिचा हात पुन्हा लागणार नाही, हे तिला कळत होतं आणि मलाही कळत होतं. वर धनाजीनं आणखी एक केलं. त्याची मुलगी प्रियंका आरोहीच्याच वयाची, तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणारी. तिलाही त्यानं त्याच परीक्षेला बसवलं. म्हणाला, "कुनाचं शिकवनं खरं, ते कळंल की."

त्यानंतरचे दोन महिने वरचा आवाज बदलला. हसणं कमी झालं. मी भाजी निवडताना ऐकायची, प्रियदर्शनी घड्याळ लावून पेपर सोडवून घ्यायची, गोल कसा काळा करायचा, वेळ कमी उरला तर कुठला प्रश्न सोडायचा. मधेच तिचा आवाज चढायचा, जो आधी कधी चढला नव्हता. मग दार आपटल्याचा आवाज, आणि थोड्या वेळानं तीच, "चुकलं माझं. ये." एकदा ती खाली येऊन माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसली. म्हणाली, "तिला सगळं येतं मावशी. भीती मलाच वाटते."

तिनं खरंच सगळं शिकवलं होतं. एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगावी लागते हेच तिच्या ध्यानात आलं नाही, कारण शाळेत गेलेल्या माणसाला ती कुणी न सांगताच कळलेली असते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी धनाजी प्रियंकाला घेऊन जीपनं आला. पोरगी गोड होती, दोन घट्ट वेण्या, तेल लावून चापून बसवलेले केस. पण तिचं बोलणं मी ऐकलंच नाही. धनाजीनं काही विचारलं की ती जमिनीकडं बघून मान हलवायची. "पाडे आलं का?" मान. "जेवलीस का?" मान. मी लाडू दिला तर आधी बापाकडं बघितलं आणि मग हात पुढं केला.

दुपारी धनाजी ठिबकच्या पाईपा बघायला बाजारात गेला. वर तिन्ही पोरं एका पुस्तकावर बसली. अपूर्णांक चालले होते. छतातून आरोहीचा आवाज आला, "प्रियंका, कळलं?"

"हं."

"मग मला सांग बघू."

काहीच नाही.

"नाही कळलं ना? अगं मग सांगायचं तसं. थांबू आपण."

आणि थांबली. अमृतला पाणी भरायला पळवलं, भाकरीचे तुकडे झाले, चिंचोके झाले. पुन्हा विचारलं, पुन्हा थांबली. असं किती वेळ चाललं कोण जाणे, पण मग एक नवाच आवाज छतातून आला. प्रियंका हसत होती. "आस्सं व्हय! मग सोपंच हाय की!" आणि त्यानंतर तर तिचं तोंड थांबेना, येत न्हाय, परत सांग, हे कसं, ते कसं. खाली बोळात जीपचा हॉर्न वाजला तसं ते हसणं तुटलं.

परीक्षेच्या दिवशी बिरुदेवला रजा मिळाली नाही, की त्यानं मागितलीच नाही, हे मला अजून कळलेलं नाही. अमृतला सांभाळायला म्हणून प्रियदर्शनीनं मला बरोबर घेतलं. एप्रिलचं ऊन, सकाळी दहालाच डोळे उघडवत नव्हते. पोरी आत गेल्या. आम्ही मैदानातल्या कडुलिंबाखाली बसलो. धनाजी बसला नाही. हाताची घडी घालून फाटकापाशी उभा राहिला. प्रियदर्शनीचा पदर डोक्यावर आणि डोळे त्या हॉलच्या खिडकीवर. मी दोनदा पाणी पुढं केलं, तिनं दोनदा बाटली हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

तासभर झाला असेल. शिपाई बाहेर आला आणि ओरडला, "आरोही कोळेकर आणि प्रियंका कोळेकर, पालक कोण आहेत? मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलंय."

प्रियदर्शनी उठताना धडपडली.

ऑफिसात दोन्ही पोरी टेबलासमोर उभ्या होत्या. आरोहीच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. प्रियंकाच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. हॉलवर देखरेखीला असलेले सर रागानं लाल झाले होते. आडनाव एकच म्हणून दोघींचे नंबर पाठोपाठ, बाकही एकच. सर सांगायला लागले, "मॅडम, पंधरा वर्षांत असं बघितलं नाही. कॉपी करणारी पोरं कुजबुजतात तरी. ही हॉलभर ऐकू जाईल अशी विचारते, प्रियंका, पान उलटू का? आणि मग तिसरं गणित तिला समजावून सांगायला लागली! बोटांवर! मी जाऊन पेपर ओढला तर मला म्हणते, सर थांबा, तिला अजून कळलं नाही."

प्रियदर्शनीच्या तोंडून "आई गं" एवढंच आलं. मला सगळं लख्ख दिसलं. त्या पोरीनं आयुष्यात एकटीनं पान उलटलंच नव्हतं. परीक्षेत शेजारचीला मदत करायची नसते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मुख्याध्यापिका वयस्कर होत्या, चष्मा खाली आलेला. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "हे बघा, मी दोघींना बाहेर काढू शकते. पण लेकरं लहान आहेत, ही कधी शाळेत गेलेली नाही असं फॉर्मवर लिहिलंय. तेव्हा मला एकच सांगा. प्रियंकानं विचारलं म्हणून आरोहीनं सांगितलं असेल, तर दोष विचारणारीचा. तिचा पेपर रद्द होईल आणि आरोहीचे थोडे गुण कापून मी पेपर ठेवीन. आपण होऊन सांगितलं असेल, तर आरोहीचा पेपर रद्द, प्रियंकानं जाऊन राहिलेला लिहावा." मग त्या आरोहीकडं वळल्या. "बाळ, तिनं तुला विचारलं होतं का?"

आरोहीनं प्रियंकाकडं बघितलं. प्रियंका दाराकडं बघत होती. दारात धनाजी उभा होता.

"मी सांगितलं," आरोही म्हणाली.

"ते कळलं. तिनं विचारलं होतं का?"

"मी सांगितलं."

प्रियदर्शनी खाली वाकली. "आरोही, बाईंना खरं काय ते सांग." या एका उत्तरावर तिचं घर होतं, आणि ते उत्तर तिच्या समोर, हाताच्या अंतरावर उभं होतं. आरोहीनं ओठ घट्ट मिटले. मी प्रियंकाकडं बघितलं तर पोरीचे गुडघे फ्रॉकखाली लटलट कापत होते. मला राहवेना. म्हटलं आता बोलतेच, काल दुपारभर ही पोरगी माझ्या छतातून "परत सांग, परत सांग" करत होती, आज गप्प बसली असेल होय? मी तोंड उघडलं तसा प्रियदर्शनीनं माझा हात दाबला. तिनंही ते गुडघे बघितले होते.

आरोहीचा पेपर ड्रॉवरमध्ये गेला. प्रियंका सरांबरोबर परत हॉलमध्ये गेली.

पेपर सुटल्यावर परत येताना जीपमध्ये अमृतनं दोनदा विचारलं, "ताई पास झाली?" आणि कुणी उत्तर दिलं नाही म्हणून तो समजला आणि आईच्या मांडीत तोंड घालून बसला.

घरी आल्यावर धनाजी माडीवर कॉटवर टेकला, पाणी प्यायला, तांब्या खाली ठेवला. मीही वर गेले होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण घर माझं आहे. तो म्हणाला, "प्रियदर्शनी, मला बी ग्वाड वाटत न्हाय. पर भंडारा उचललाय. जीप मोकळीच चाललीय, जड सामान आजच जाऊ दे. पुस्तकंबिस्तकं, भांडी. जूनला तुमी या."

तिनं बिरुदेवला फोन लावला. स्पीकरवर वर्कशॉपची खडखड, आणि त्यातून त्याचा आवाज, "दादा म्हनतील तसं." तिनं फोन ठेवून दिला. मला वाटलं ही आता रडेल, भांडेल, काहीतरी करेल. तिनं काही केलं नाही. कोपऱ्यातलं पोतं घेतलं, झटकलं आणि पोरांची पुस्तकं भरायला लागली.

माझं डोकं सणकलं. "काय ओ धनाजीराव," मी म्हटलं, "पोरीनं चोरी केली का? कुणाला फसवलं का? बहिणीला गणित सांगितलं! ते पण तुमच्याच पोरीला! आणि त्याची ही शिक्षा व्हय?"

"शिक्षा न्हवं आक्का. शबुद हाय." तो माझ्याकडं बघत नव्हता. "मी शबुद मोडला तर गावात मला कोन इचारनार?"

"गाव, गाव! इथं ही बाई जिवंत मरतीय ते बघा की!"

पुस्तकं पोत्यात पडत होती. अमृत एकेक परत बाहेर काढायचा आणि आरोही त्याच्या हातातून घेऊन आईला द्यायची. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती ते पुसत नव्हती आणि प्रियंकाकडं बघतही नव्हती. अपूर्णांकाचं ते पुस्तक आलं, कालच्या दुपारचं, पानात अजून भाकरीचा चुरा होता. प्रियदर्शनीनं ते क्षणभर हातात धरलं आणि पोत्यात टाकलं.

"मी इचारलं हुतं."

दाराच्या मागून आवाज आला. प्रियंका तिथं भिंतीला पाठ लावून उभी होती. आम्ही सगळे तिला विसरलोच होतो.

धनाजी वळला. "काय?"

"मीच इचारलं हुतं आप्पा. तिनं म्हनलं पान उलटू का, तर मी म्हनलं, तिसरं येत न्हाय, सांग." श्वास न घेता तिनं ते बोलून टाकलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले, मार चुकवायला घेतात तसे.

धनाजी उठून उभा राहिला. तो उठला तशी प्रियदर्शनी मधे आली. पण तो पुढं आला नाही. त्याची नजर त्या पोरीच्या डोक्यावरच्या हातांवर होती.

"मग तितं का न्हाय बोललीस?" त्यानं विचारलं. "बाई एवडं इचारत हुत्या. का न्हाय बोललीस?"

प्रियंका म्हणाली, "तुमी हुता की तितं."

अमृत पुस्तक धरून तसाच बसला. धनाजीनं टोपी काढली, तिच्याकडं बघितलं, परत घातली.

"आक्का," तो मला म्हणाला, "शाळा बंद झाली आसंल का आता?"

"पेपर तपासायला बसलेत. संध्याकाळपर्यंत असतात."

"चला मग."

आरोही-अमृतला ह्यांच्यापाशी सोडून आम्ही निघालो. फाटकापाशी त्यानं जीप थांबवली आणि उतरला. प्रियंका उतरून त्याच्या मागं उभी राहिली, तर तो बाजूला झाला. "मी आत येत न्हाय. तू काकीसंगं जा. आक्का, तुमी बी जावा. काय सांगायचं ते सांग, मी हितंच हाय." प्रियंकानं दोनदा मागं वळून बघितलं. तो खरंच आला नाही.

आत तिनं सगळं सांगितलं. सुरुवातीला तिनं प्रियदर्शनीच्या साडीचा काठ मुठीत धरला होता, मग सोडला. मुख्याध्यापिका बाईंनी चष्मा काढून विचारलं, "बाळ, तुझा पेपर चांगला गेला असेल तर तोही जाईल. माहीत आहे ना?" ती म्हणाली, "व्हय. पर काकीला सोलापूर सोडायला लागंल." बाईंना त्यातलं काही कळलं नाही. पण त्यांनी ड्रॉवर उघडला.

आरोहीचा पेपर गठ्ठ्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी लागलेल्या यादीत तिचं नाव होतं, हे सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. प्रियदर्शनी त्या ऑफिसातच खुर्चीत बसून रडली. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदम आलं, आणि प्रियंका तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी त्यांना तसंच बसू दिलं आणि बाहेर आले.

धनाजी फाटकाबाहेर उन्हात उभा होता. सावली दोन पावलांवर होती, पण तिकडं गेला नव्हता.

"काय म्हनली आत?"

"सगळं सांगितलं. पेपर परत घेतला बाईंनी."

त्यानं मान हलवली. पेपराचं त्याला ऐकायचंच नव्हतं असं मला वाटलं.

"रडली का?"

"नाही. मान वर करून बोलली. आवाज पण कसा, खणखणीत!"

रस्त्यावरून रिक्षा गेली, मग आणखी एक गेली.

"खनखनीत हाय व्हय," तो म्हणाला. "धा वरसाची झाली आक्का. मी अजून ऐकलाच न्हाय."

मग त्यानं जीपचं दार उघडलं आणि आत न बसता ते तसंच धरून शाळेकडं बघत उभा राहिला.